बायोडेटातला मुलगा, इन्स्टाग्रामवरचा मुलगा आणि त्यांतला खरा कोणता

कृष्णाकाठची (सांगली)

सर्वांना नमस्कार. विश्रामबागेत गेली अठरा वर्षे मी वधू-वर सूचक केंद्र चालवते. लोक स्वतःची ओळख कशी मांडतात, हे पाहणे हाच माझा धंदा आहे, असे म्हटले तरी चालेल. हा धागा काढण्याचे कारण तुळशीच्या लग्नानंतर घडलेला एक प्रसंग आहे. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, बाकी घडले तसे सांगते.

आमच्याकडे ओळखीचा कागद म्हणजे बायोडेटा. वर गणपती, त्याखाली नाव, जन्मवेळ, रास, नाडी, गण, देवक, उंची, मग वर्ण (यात 'निमगोरा' हा मराठीतला सर्वांत सोयीचा रंग आहे), शिक्षण, नोकरी, बागायत किती आणि जिरायत किती, आजोळ, आणि शेवटी 'इतर पाहुणे' या मथळ्याखाली पाचसहा आडनावे व त्यांची गावे. 'अपेक्षा' या रकान्यात बहुतेक सगळे 'अनुरूप' एवढेच लिहितात. गेल्या काही वर्षांत या कागदाबरोबर आणखी एक मागणी येऊ लागली आहे. फोटो पाहून झाला की मुलीचा भाऊ किंवा मावसबहीण हळूच विचारते, "काकू, मुलाचा इन्स्टाचा आयडी मिळेल का?"

वाळवा तालुक्यातल्या एका मुलाचे स्थळ मी साताऱ्याच्या एका घरात सुचवले होते. मुलगा पतसंस्थेत लिपिक आहे. बायोडेटात 'शांत, मनमिळाऊ, निर्व्यसनी' असे लिहिलेले होते. इन्स्टाग्रामवर पाहावे तर काळा गॉगल, थार जीपच्या बॉनेटवर टेकवलेला हात, आणि नावाखाली 'एमएच १०, नादच खुळा' असा मजकूर. वीसबावीस फोटो याच थाटाचे होते. त्यांच्या मध्येच एक रील सापडले, ज्यात हाच मुलगा पहाटे मफलर गुंडाळून दुधाचा कॅन घेऊन संकलन केंद्रावर रांगेत उभा आहे आणि यंत्रावरचा आकडा दाखवून हसतो आहे. खाली लिहिले होते, 'आज फॅट ७.२'. त्याला अकरा लाइक होते. थारला चारशेच्या वर होते.

मुलीच्या वडिलांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "थार कोणाची?" ती मित्राच्या भावाची आहे, हे कळल्यावर त्यांनी नकार कळवला. जे आपले नाही ते आपले म्हणून मिरवणारा मुलगा उद्या संसारात काय दाखवील, असे त्यांचे म्हणणे होते. मी मुलाला हे जमेल तितक्या सौम्यपणे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "काकू, बायोडेटा आमच्या आण्णांनी लिहिलाय आणि इन्स्टा पोरांसाठी आहे. मी दोन्हीत थोडा थोडा आहे."

तेव्हापासून माझ्या मनात प्रश्न घोळतो आहे. बायोडेटातले 'निर्व्यसनी' हेही पूर्ण खरे नव्हते, कारण मुलगा तंबाखूचा मावा खातो हे मला ठाऊक होते. 'बागायत' म्हणून लिहिलेल्या जमिनीतल्या निम्म्यालाच पाणी आहे. मुलीच्या वडिलांनी त्यांतल्या कशाचीही चौकशी केली नाही. अठरा वर्षांत मीही निमगोऱ्या मुलामुलींना खोटे ठरवलेले नाही. मग कागदावरची सजावट आपण रीत म्हणून चालवून घेतो आणि पडद्यावरची सजावट फसवणूक मानतो, ती कोणत्या न्यायाने? समाजमाध्यमांवर आपण जे रूप उभे करतो, त्याच्याकडे कसे पाहावे याबद्दल येथील जाणत्या मंडळींचे मत हवे आहे.

माचीवरचे_गुरुजी (सातारा)

ताई, विषय उत्तम काढलात. मी मराठीचा निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे माझे बोलणे थोडे लांबेल.

आपल्या भागात माणसाची ओळख त्याने स्वतः सांगायची अशी पद्धतच नव्हती. लहानपणी गावात कोणी वडीलधारे भेटले की पहिला प्रश्न यायचा, "कुणाचा रं तू?" तुझे नाव काय, हे नंतर, किंवा कधीच नाही. आमक्याचा नातू, तमक्याचा भाचा एवढ्यावर काम भागे. तुम्ही म्हणता त्या बायोडेटातले 'इतर पाहुणे' हे त्याच प्रश्नाचे लेखी उत्तर आहे. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम हे पहिले ठिकाण असेल, जेथे आमच्याकडच्या सामान्य मुलाला 'तू कोणाचा' असे कोणी न विचारता 'तू कोण' असे विचारले गेले. इतक्या मोठ्या प्रश्नाला त्याच्याकडे तयार उत्तर कोठून असणार? त्याने शेजारची थार उचलली.

दुसरा मुद्दा असा की, स्वतःसाठी वेगळे नाव आणि वेगळे रूप घेणे मराठी माणसाला नवीन नाही. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात समाजावर आसूड ओढणारी पत्रे लिहिली, ती 'लोकहितवादी' या नावाने. ते सरकारी नोकरीत होते आणि टीका स्वतःच्याच समाजावर होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नावाची गरज कळते. कृष्णाजी केशव दामले हे केशवसुत झाले. राम गणेश गडकरी कविता लिहिताना गोविंदाग्रज होत आणि विनोद लिहिताना बाळकराम होत. म्हणजे एकाच माणसाची दोन खाती होती म्हणा ना. फरक एवढाच की, त्या नावांना अब्रू होती. एक नाव घेतले की ते वर्षानुवर्षे सांभाळले जाई आणि त्या नावाने लिहिलेल्या प्रत्येक ओळीचा जाब त्या नावाला द्यावा लागे. आज रात्री खाते काढून कोणाला तरी शिव्या द्यायच्या आणि सकाळी ते पुसून टाकायचे, याला टोपणनाव म्हणता येत नाही.

नुसता_वाचक

गुरुजींनी फार मोठी नावे काढली. मला यात मिरवण्याच्या हौसेपलीकडे काही दिसत नाही. पूर्वी चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागायचा, त्यावर 'भावी' नगरसेवक आणि खाली पन्नास शुभेच्छुकांचे मुखडे असायचे. आता तोच फ्लेक्स प्रत्येकाच्या खिशात आला आहे आणि त्याला छपाईचा खर्च येत नाही.

तंबोऱ्याच्या_गल्लीतून (मिरज)

नुसता_वाचक यांची फ्लेक्सची उपमा चपखल आहे, पण ती एका ठिकाणी अपुरी पडते. फ्लेक्स चौकात लागतो आणि तो चौकातल्या लोकांसाठीच असतो. समाजमाध्यमावरचे रूप नेमके कोणासाठी आहे, हे ते मांडणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि माझ्या मते सगळी गडबड तेथे आहे.

मी समाजशास्त्र शिकवतो. अर्व्हिंग गॉफमन नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेले (१९२२ ते १९८२). माणसांचे रोजचे वागणे त्यांनी नाटकाच्या भाषेत समजावून सांगितले. प्रत्येकाला एक रंगमंच असतो, जेथे तो भूमिकेत असतो, आणि एक रंगपट असतो, जेथे तो मुकुट काढून बिडी ओढत बसतो. हॉटेलातला वाढपी गिऱ्हाइकासमोर आदबीने बोलतो आणि स्वयंपाकघरात शिरताच त्याच गिऱ्हाइकाची नक्कल करतो. यात ढोंग नाही, असे गॉफमन यांचे म्हणणे. समोर कोण आहे हे ओळखून वागणे म्हणजेच समाजात वावरणे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जेथे 'सीतास्वयंवर' रंगवले, त्या सांगलीच्या नाट्यपंढरीतल्या माणसांना हे मी वेगळे सांगायला नको.

तथापि गॉफमन यांच्या मांडणीत प्रेक्षक वेगवेगळे असतात. आण्णांसमोरचा मुलगा, पतसंस्थेच्या व्यवस्थापकासमोरचा मुलगा आणि कट्ट्यावरचा मुलगा हे तीन वेगवेगळे प्रयोग असतात आणि एका प्रयोगाचे प्रेक्षक दुसऱ्याला येत नाहीत. समाजमाध्यमांनी हे सगळे प्रेक्षक एकाच मांडवात आणून बसवले. डॅना बॉइड या अमेरिकन संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेवर बरेच लिहिले आहे. मी वर्गात तिला 'प्रेक्षकांची सरमिसळ' म्हणतो. पहिल्या रांगेत आत्या, दुसऱ्या रांगेत साहेब, मागे शाळेतले मित्र आणि पडद्याआडून डोकावणारे होणारे सासरे, अशा मांडवात कोणता प्रवेश करावा?

यावर लोक दोन उपाय करतात, असे मला विद्यार्थ्यांकडे पाहून वाटते. काहीजण सर्वांत कडक प्रेक्षकाला चालेल तेवढेच दाखवतात, म्हणजे फूल, देव, सूर्योदय आणि सुविचार. उरलेले मांडवात पुन्हा कनाती बांधतात. व्हॉट्सॲपचे चोवीस तासांनी नाहीसे होणारे स्टेटस २०१७ साली आले. आज माझ्या वर्गातल्या मुलांपैकी क्वचितच कोणाचे स्टेटस सर्व नातेवाइकांना दिसते. कोणाला वगळायचे याची यादी इतक्या बारकाईने केलेली असते की, लग्नाच्या आमंत्रणाची यादी करणाऱ्याने शिकावे. इन्स्टाग्रामने २०१८ मध्ये 'क्लोज फ्रेंड्स'ची, म्हणजे निवडक मित्रांपुरतेच दाखवण्याची, सोय दिली, तीही एक कनातच आहे. ताईंनी सांगितलेल्या मुलाची चूक म्हणायची तर इतकीच की, त्याने कनात बांधली नव्हती.

कृष्णाकाठची (सांगली)

सर, मांडवाची उपमा मला पटली. एक शंका मात्र आहे. नाटकाला येणारा प्रेक्षक तिकीट काढून येतो. बालगंधर्वांची नेसण आणि अंबाडा पाहून घरंदाज बायका तशा नटू लागल्या, पण पडद्यामागे नारायणराव राजहंस आहेत हे त्यांतल्या प्रत्येकीला माहीत होते. इन्स्टाग्रामच्या दारावर 'हा प्रयोग आहे' अशी पाटी नसते. त्या साताऱ्याच्या वडिलांना कोणी तिकीटच दिले नव्हते, मग ते रागावले यात त्यांचे काय चुकले?

तंबोऱ्याच्या_गल्लीतून (मिरज)

बरोबर आहे. भूमिका आणि फसवणूक यांतला फरक पाहणाऱ्याला काय ठाऊक आहे यावर ठरतो, एवढे मी मान्य करतो. पण ती थार कट्ट्यावरच्या चारशे जणांपैकी किती जणांना त्याची स्वतःची वाटली असेल? मला वाटते, एकालाही नाही. गाडी कोणाची हे गावात सर्वांना माहीत असते. त्यांच्या दृष्टीने तो मित्राच्या गाडीसोबत काढलेला फोटो होता. तो साताऱ्यात पोहोचला आणि मालकीचा दाखला झाला.

जुई (कराड)

हा धागा दोन दिवस वाचते आहे. लिहावे की नाही, हे ठरत नव्हते.

माझे लग्न २००९ साली झाले. आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यावर माझे नवे नाव लिहिले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पेढे वाटले. पंचवीस वर्षे ज्या नावाला मी ओ देत होते, ते ताटातल्या तांदळांबरोबर गेले. तेव्हा मला त्याचे फार दुःख झाले असे नाही, कारण आईचे आणि आजीचेही तसेच झाले होते. पुढच्या वर्षी फेसबुकचे खाते काढायची वेळ आली तेव्हा मी जुने नाव आणि माहेरचे आडनाव लिहिले, कारण शाळेतल्या मैत्रिणी मला त्याच नावाने शोधणार होत्या. आठवड्याभरात नणंदेने विचारले, "वहिनी, हे कोण?" मग तडजोड झाली. नवे नाव, सासरचे आडनाव आणि कंसात जुने नाव. आजूबाजूला पाहिलेत तर असे कंस तुम्हाला शेकड्यांनी दिसतील. त्या कंसात कोण राहते, याचा कोणी विचार करत नाही.

येथे खऱ्या-खोट्या नावांचा विषय निघाला म्हणून सांगते. फेसबुकने पहिल्यापासून खऱ्या नावाचा आग्रह धरला. अमेरिकेत २०१४ साली त्यावरून मोठा वाद झाला, कारण रंगमंचावरच्या नावानेच ओळखले जाणारे कलावंत आणि आपल्या मूळ भाषेतली नावे लावणारे आदिवासी यांची खाती 'खोटी' म्हणून बंद होऊ लागली. त्यानंतर कंपनीने, रोजच्या जगण्यात तुम्हाला ज्या नावाने ओळखतात ते नाव चालेल, अशी भूमिका घेतली आणि पडताळणीचे नियम थोडे सैल केले. भारतात मात्र २०१७ च्या डिसेंबरात नव्या खातेदारांना 'आधारवर आहे तसे नाव लिहा' असे सुचवणारी एक छोटी चाचणी घेतली गेली. ते वाचून मला हसू आले. माझ्या आधारवर जे नाव आहे, ते एका संध्याकाळी ताटात लिहिले गेलेले आहे. माझे जन्माचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि त्या कंसात, एवढ्या दोनच ठिकाणी उरले आहे. यांतले खरे कोणते, हे कोणत्या यंत्राला विचारायचे?

आता फोटोबद्दल. माझ्या खात्यावर आजवर रांगोळी, मोगरा, प्रीतिसंगमाचा घाट आणि मुलाचा शाळेच्या गणवेशातला फोटो, एवढेच लागले आहे. तोंड नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीचा फोटो कोणीतरी उचलून भलत्या ठिकाणी वापरला, तेव्हापासून घरातल्या बायकांनी हा अलिखित नियमच केला. फेसबुकने भारतात दिलेली, २०१७ मध्ये प्रोफाइल फोटोला 'गार्ड' आणि २०२० मध्ये प्रोफाइलला कुलूप लावण्याची सोय मिळाली, ती आमच्यासारख्यांच्या भीतीमुळेच असावी. मी कुलूप लावले. तरी तोंड लावले नाही, सवयच गेली होती.

आणखी एक गोष्ट आहे, जी मी घरी सांगितलेली नाही. माझे दुसरे एक खाते आहे. त्यावर मी सदाशिवगडाच्या वाटेवर सकाळी फिरताना काढलेले रानफुलांचे फोटो टाकते. तेरडा, सोनकी, गवतफुले, पावसाळा संपता संपता दिसणारे कोळ्यांच्या जाळ्यांवरचे दव. नाव खोटे, फोटो खरे. चार हजारांवर लोक ते पाहतात. गेल्या पावसाळ्यात एकदा रात्री जेवताना धाकट्या दिरांनी त्यातलाच एक फोटो माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "वहिनी, बघा कसला भारी फोटो काढलाय कुणीतरी." मी हात न थांबवता आमटी वाढली आणि म्हणाले, "छान आहे." ती रात्र मला फार आवडली होती.

माचीवरचे_गुरुजी (सातारा)

जुईताई, टोपणनावाची अब्रू म्हणतात ती हीच. माझ्या पहिल्या प्रतिसादातले सगळे दाखले पुरुषांचे होते, हे तुमचे वाचताना लक्षात आले.

आडनावाशिवाय (सातारा)

गुरुजींच्या 'कुणाचा रं तू' या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली, ती नोंदवतो. तो प्रश्न ज्यांच्या फायद्याचा होता, त्यांना तो आपुलकीचा वाटतो. आमच्या वाट्याला त्याच प्रश्नाचा पुढचा भाग येतो, "आडनाव काय?" आणि उत्तर ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा जुळवून घेतो, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच कळते. पुण्यात नोकरीला लागल्यावर भाड्याने खोली शोधताना मी ते पाच वेळा पाहिले.

म्हणून माझ्या कोणत्याही खात्यावर आडनाव नाही. पहिले नाव आणि गाव, संपले. याला कोणी ओळख लपवणे म्हणो. मी फक्त समोरच्याला दुसरा प्रश्न विचारण्याची सोय ठेवलेली नाही. याच्या उलट चित्रही रोज दिसते. नावाखाली कूळ, घराणे, तलवारीचे चिन्ह, वाघाचा फोटो. त्या मुलांवर माझा राग नाही. शेतीत काही उरले नाही, नोकरी नाही, आणि ज्या एका गोष्टीसाठी परीक्षा द्यावी लागत नाही ती म्हणजे जन्म. ती माणूस मोठ्या अक्षरांत लिहिणारच. माझे आडनाव मी गाळतो आणि त्यांचे ते ठळक करतात, दोघांनाही त्या आडनावाची किंमत अचूक ठाऊक आहे.

साताऱ्यातल्या लोकांना एक आठवण करून देतो. राजवाड्याजवळच्या ज्या शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, तेथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाने प्रवेश घेतला. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. शाळेच्या नोंदवहीत नाव आहे 'भिवा रामजी आंबेडकर'. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. गावावरून आलेले ते आडनाव पुढे कोठे पोहोचले, हे मी सांगायला नको. नाव कसे मांडावे हा प्रश्न इन्स्टाग्रामने आणलेला नाही, इतकेच मला म्हणायचे होते.

वकिली_चष्मा (सांगली)

भावनेचा मुद्दा सर्वांनी मांडला, म्हणून कायद्याचा थोडक्यात मांडतो. टोपणनावाने खाते काढणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. दुसऱ्याच्या ओळखीची साधने, म्हणजे पासवर्ड, डिजिटल सही वगैरे, अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली, आणि संगणकाच्या साहाय्याने दुसरे कोणी असल्याचे भासवून फसवणे हा कलम ६६-ड खाली गुन्हा आहे. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आपल्या नावाने किंवा फोटोने कोणी बनावट रूप उभे केले असेल, तर स्वतः तक्रार केल्यानंतर ठरलेल्या मुदतीत तो मजकूर हटवण्यासाठी पावले उचलणे कंपन्यांवर २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे (२०२१ मध्ये ही मुदत चोवीस तासांची होती, २०२६ च्या दुरुस्तीने ती आणखी कमी झाली). त्याच नियमांत मोठ्या माध्यमांनी खात्याच्या पडताळणीची सोय ठेवावी असेही आहे, पण ती वापरायची की नाही हे वापरणाऱ्याच्या इच्छेवर आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. तेथे उशीर महागात पडतो.

ताईंनी सांगितलेल्या मुलाने यातले काहीही केलेले नाही. दुसऱ्याच्या गाडीला टेकणे अद्याप कोणत्याही कलमात बसत नाही.

आयर्विनचा_खांब (सांगली)

निनावी खाते म्हणजे बेभरवशाचे, असा सूर अधूनमधून येतो, म्हणून २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराचा अनुभव सांगतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांवर गेले होते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर अडकलो होतो. ओळखीच्या, फोटो आणि हुद्द्यासकट असलेल्या लोकांकडून 'धरण फुटले' अशा अफवा येत होत्या. आणि एक खाते होते, ज्याचे नाव नव्हते, चेहरा नव्हता, नावाच्या जागी नुसता पुलाचा फोटो होता. ते दर दोन तासांनी पाण्याची पातळी, वीज कोठे गेली आणि बोट कोणत्या चौकापर्यंत येते, एवढेच लिहीत असे. एकदा आकडा चुकला तेव्हा दहा मिनिटांत 'चुकलो, दुरुस्ती' असे लिहिले. आमच्या घरात त्या काळात त्या खात्याच्या शब्दावर सगळे निर्णय झाले. ते कोण होते, हे मला आजही माहीत नाही, आणि पूर ओसरल्यावर त्यावर एकही ओळ आली नाही. माझे येथील नाव कोठून आले, हे आता कळले असेल.

स्क्रॅपबुक_२००६

सगळ्यांचे वाचून ऑर्कुटची आठवण झाली. २००४ साली सुरू झालेले आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद पडलेले ते संकेतस्थळ येथे अनेकांनी वापरले असेल. आम्ही सांगलीतल्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन वापरायचो. त्यात 'टेस्टिमोनियल' नावाचा प्रकार होता. तुमच्याबद्दल तुमच्या मित्राने चार ओळी लिहायच्या आणि तुम्ही मान्य केल्यावर त्या तुमच्या पानावर झळकायच्या. स्वतःबद्दल मी काय लिहिले होते, ते मला आठवत नाही. खोलीतल्या मित्राने लिहिलेले मात्र पाठ आहे: 'उधार घेतलेली छत्री परत न करणारा, पण पावसात सोबत भिजणारा.' आज मी वापरतो त्या कोणत्याही माध्यमावर मला दुसऱ्या कोणी मांडण्याची अशी जागाच नाही. सगळे वर्णन माझे मीच करायचे, मग ते फुगणार नाही तर काय होईल?

कृष्णाकाठची (सांगली)

छत्रीची ओळ मी वहीत उतरून घेतली. बायोडेटातले 'इतर पाहुणे' म्हणजे आमच्या धंद्यातले टेस्टिमोनियलच आहे, हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. त्या पाहुण्यांना फोन करून कोणीही विचारू शकते की मुलगा कसा आहे, आणि पाहुणे मावाही सांगतात. आडनावाशिवाय यांचे वाचल्यावर त्याच पाहुण्यांच्या यादीची दुसरी बाजूही दिसली, आणि ती यादी वर्षानुवर्षे मीच टंकून देत आले आहे. त्याचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे दोघातिघांनी निरोपातून विचारले, म्हणून लिहिते. मी त्याला बोलावून कोरा कागद दिला आणि आण्णांना न दाखवता बायोडेटा स्वतः लिहायला सांगितले. अर्धा तास तो खिडकीबाहेर बघत बसला. नाव, शिक्षण, नोकरी झाल्यावर पेन अडले. शेवटी 'व्यसन' पुढे त्याने 'मावा, सोडतोय' असे लिहिले, 'अपेक्षा' पुढे 'अनुरूप' असेच लिहिले (याला माझ्याकडे इलाज नाही), आणि 'आवड' या रकान्यात बराच वेळ काही लिहिले नाही. तेव्हा मी त्याला ते दुधाचे रील दाखवले. तो लाजला आणि म्हणाला, "ते चुकून राहिलंय, काढणार होतो." मी काढू दिले नाही. थारचे फोटो त्याने ठेवले आहेत. मित्रांना काय वाटेल, असे तो म्हणाला, आणि मांडवाबद्दल वाचल्यानंतर मी त्यावर वाद घातला नाही.

काल दुपारी साताऱ्याहून फोन आला. वडिलांचा असेल म्हणून मी जरा सावरून बसले, तर मुलीची आई होती. मुलीने म्हणे ते खाते आईला शेवटपर्यंत खाली सरकवून दाखवले. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "अहो, त्यांच्या गोठ्यात म्हशी किती आहेत? आणि धार कोण काढतं, आई का तो?"

विचारून सांगते, असे म्हणून मी मुलाला फोन लावला आहे. तो उचलत नाही. पतसंस्थेत गर्दीची वेळ असावी.